बिनआवाजाचा डीजे

महाराष्ट्रात डीजे हा माणूस नसतो, ती भिंत असते. ट्रकवर रचलेली, बारा-सोळा बॉक्सची, समोरून गेलं की आपल्या बरगड्या आपल्यालाच ऐकवणारी. ‘डीजे आला’ म्हणजे कुणी इसम आला, असं आपल्याकडे कुणी समजत नाही. टेम्पो आला, जनरेटर आला आणि खिडकीच्या काचा धरून बसायची वेळ आली, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे ‘आमच्या नेरुळच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक डीजे राहतो’ असं मी सांगितलं की ऐकणारा आधी ‘अरेरे’ म्हणतो आणि मग विचारतो, “पोलिसांत दिलंत का?”

देणार काय? गेली नऊ वर्षं मी या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. तक्रारवही माझ्या कपाटात असते. तिच्यात तिसऱ्या मजल्यावरचा खलबत्ता आहे, तळमजल्यावरचा पोपट आहे, पहाटे साडेपाचचं घोरणंसुद्धा आहे. डीजेच्या आवाजाची मात्र एकही तक्रार नाही. कारण त्याचा आवाज आजवर कुणी ऐकलेलाच नाही. तो हेडफोन लावून वाजवतो. त्याच्या नावावर तक्रार एकच, पण ती दर सभेला नव्याने येते : ‘दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात रिकामी खोकी ठेवलेली आहेत.’

माणूस अडतिशीचा, सालस, मेंटेनन्स पाच तारखेच्या आत भरणारा. ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत जातो. सकाळच्या ठाणे गाडीत त्याच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर काहीतरी फिरवत असतात आणि उजव्या हाताची काहीतरी सरकवत असतात. शेजारच्या प्रवाशांना वाटतं, तबला शिकतोय. एकाने तर वाशीच्या चांगल्या क्लासचा पत्ताही दिला होता.

सुरुवात २०२० च्या लॉकडाऊनमध्ये झाली. तेव्हा कुणी कॉफी फेटत होतं, कुणी घरी पाव भाजत होतं. याने पायोनियरचं डीडीजे-४०० मागवलं. नवशिक्यांसाठी २०१८ साली निघालेलं हे यंत्र. दोन चक्रं, मध्ये काही बटणं आणि एक आडवा सरकता दांडा. तो क्रॉसफेडर. दांडा डावीकडे असला की डावं गाणं, उजवीकडे नेला की उजवं. मी मास्क लावून दारातूनच पाहिलं आणि विचारलं, “पण यात करायचं काय असतं?”

तो म्हणाला, “काका, एक गाणं संपत असताना दुसरं अशा बेताने आत घ्यायचं की नाचणाऱ्याचा पाय अडखळता कामा नये.”

म्हणजे पंगतीत पानातला भात संपायच्या आत वाढपी मागे उभा पाहिजे, तसं. मला पटलं. कला आहे, हे मी तिथल्या तिथे मान्य केलं.

पहिले तीन महिने तो मनापासून शिकला. चौथ्या महिन्यात त्याला यंत्राच्या मर्यादा दिसू लागल्या. हा फार नाजूक क्षण असतो. सतार शिकणाऱ्याला चौथ्या महिन्यात स्वतःच्या मर्यादा दिसतात आणि तो सतार सोडतो. डीजेला यंत्राच्या दिसतात आणि तो नवं यंत्र घेतो.

त्याच वर्षी टाळेबंदी जरा सैलावल्यावर आम्ही सोसायटीचा छोटा गणपती बसवला. मी म्हटलं, “यंदा आरतीनंतर तू वाजव. हॉलमध्ये दोन स्पीकर आहेतच. दहाच्या आत आटप म्हणजे झालं.”

“काका, या मशीनवर नको. चॅनेल दोनच आहेत.”

पुढच्या वर्षी चॅनेलांचं काही नव्हतं. हरकत मागच्या पिनांवर होती. आरसीएची वायर लांब गेली की वाटेत गुणगुण पकडते. मोठ्या मशीनला एक्सएलआर असतं, त्यात एकच सिग्नल सुलटा आणि उलटा असा दोन तारांतून जातो आणि वाटेत लागलेली गुणगुण शेवटी आपसांत वजा होते, असं त्याने मला जिन्यात उभं करून समजावलं. समजावणं उत्तम होतं. मी नंतर सहज त्याच्या टेबलाकडे पाहिलं. मशीनपासून स्पीकरपर्यंतचं अंतर दीड फूट होतं, आणि ते स्पीकरही बंद होते.

तिसऱ्या वर्षी चार चॅनेलचं मशीन आलं. चार गाणी एकाच वेळी चालवता येतात म्हणे. सिडकोच्या वन बीएचकेत चार पाहुणे एकदम मुक्कामाला आल्यासारखं ते दिसत होतं. जेवायचं टेबल गेलं आणि मंडळी जमिनीवर जेवू लागली. त्या वर्षी तो म्हणाला, अजून हात बसायचाय. आणि चौथ्या वर्षी मशीन इतकं उच्च प्रतीचं ठरलं की आमच्या हॉलचे स्पीकर त्याच्या लायकीचे राहिले नाहीत.

त्याच्या घरी विरोध असेल असं कुणाला वाटेल. मुळीच नाही. त्याची बायको मला म्हणाली, “काका, बाकीच्यांचे नवरे संध्याकाळी टीव्हीवर चर्चा लावतात. हा कानात घालून बसतो. आमच्याएवढी शांतता अख्ख्या सेक्टरमध्ये नाही.”

हे खरंच आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. सेक्रेटरी या नात्याने मला हे तोंडपाठ आहे. त्याच्या खोलीत आवाज मोजायला कुणी यंत्र घेऊन गेलंच, तर काय तो पंखा सापडेल. तरीही त्याने भिंतींना काळा फोम चिकटवून घेतला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. कुठला आवाज, हे मी विचारलं नाही. माणसाची श्रद्धा आहे.

या विषयातलं त्याचं ज्ञान मात्र अफाट. एकदा पाण्याच्या टाकीची झाकणं मोजताना त्याने मला सांगितलं की हिपहॉपचा जन्म सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्राँक्स, १५२० सेजविक अव्हेन्यू नावाची इमारत. तिथल्या एका मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिने तळमजल्यावरच्या हॉलमध्ये तिकीट लावून पार्टी ठेवली. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. वाजवायला थोरला भाऊ, अठरा वर्षांचा, कूल हर्क. त्याच्या लक्षात आलेलं होतं की लोक सगळ्यात जास्त नाचतात ते गाणारा गप्प बसतो आणि नुसता ताल उरतो त्या तुकड्यावर. म्हणून तो त्याच तुकड्यासाठी दोन तबकड्या वापरायचा आणि तुकडा लांबवत न्यायचा.

मी विचारलं, “त्या सोसायटीच्या सेक्रेटरीने परवानगी दिली होती?”

तो हसला. मी हसलो नाही. खरं तर माझा मुद्दा दुसराच होता. त्या पोराकडे चार चॅनेल कुठे होते?

अधूनमधून त्याला तबकड्यांचाही झटका येतो. १९७२ साली टेक्निक्सने एसएल-१२०० नावाचा टर्नटेबल काढला, १९७९ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली आणि जगभरच्या डीजेंनी तीच आपली मानली. २०१० साली कंपनीने तो बंद केला आणि २०१६ साली पुन्हा सुरू केला. या इतिहासाचा आमच्या सोसायटीला थेट त्रास झाला. बंद पडलेली वस्तू सहा वर्षांनी परत येऊ शकते हे कळल्यापासून त्याने एकही खोकं टाकलेलं नाही.

खोक्यांचं शास्त्रही समजून घेतलं पाहिजे. अपग्रेड करणारा माणूस वस्तू वापरण्यासाठी घेत नाही, पुढे विकण्यासाठी सांभाळतो. खोकं, आतला थर्माकोल, वायर बांधलेली तार आणि बिल हे सगळं जपलं की जुन्या मशीनला दोन पैसे जास्त येतात. त्याची जाहिरात मी वाचलेली आहे : ‘सिंगल ओनर. घरगुती वापर. पब्लिकमध्ये एकदाही वाजवलेलं नाही.’ डॉक्टरांनी वापरलेली गाडी विकावी, त्या अभिमानाने हे लिहिलेलं होतं.

जानेवारी २०२५ मध्ये इथल्याच डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले तीन रात्री वाजवून गेले. १८, १९ आणि २१ तारखेला. तिकीट आमच्यापैकी कुणालाच मिळालं नव्हतं. आम्ही गच्चीवर गेलो. वारा आमच्या बाजूला असला की थोडं ऐकू यायचं. सगळी सोसायटी मोबाइलचे दिवे हलवत होती. हा कठड्याला टेकून, डोळे मिटून उभा. मला वाटलं, विरघळला. जवळ गेलो तर म्हणाला, “काका, यांचा मिक्सर कुठला असेल?”

त्या रात्री मला तो पहिल्यांदा नीट कळला. मशीन अपुरं आहे तोवर आपण अपुरे ठरत नाही, एवढीच ती युक्ती आहे. मी त्याला नावं ठेवणार नाही. निवृत्तीनंतर लिहायचं म्हणून मी तीन फाउंटन पेनं घेऊन ठेवलेली आहेत. हा मजकूर बॉलपेनने लिहितोय.

आता त्या पहिल्या डीडीजे-४०० चं काय झालं, ते सांगतो. चार चॅनेलचं आलं तेव्हा त्याने ते आमच्या वायरमनच्या भाच्याला विकलं. पोरगा करावे गावचा, विशीतला. पैसे मोजले, मशीन गोणपाटात गुंडाळलं. हा मागून खोकं घेऊन धावला, तर पोरगा म्हणाला, “खोका ठेवा काका, गाडीवर मावाचा नाय.” खोकं राहिलं. जिन्यातली मूळ तक्रार तीच.

गेल्या मे महिन्यात वायरमनने आम्हा दोघांना हळदीला बोलावलं. करावे गावातला मांडव, माणसांनी भरलेला. हवेत हळद, सुकट आणि डिझेल यांचा एकत्र वास. समोर ती भिंत, खरीखुरी, आणि तिच्या बाजूला प्लास्टिकच्या टेबलावर ते मशीन. जुन्या मालकाने ते लगेच ओळखलं. फेडरची टोपी गेली होती, तिथे पेनाचं टोपण बसवलेलं. हेडफोनच्या एका कानाला वायरमनची काळी टेप. लॅपटॉपच्या पडद्याला उभी चीर. त्या चिरेने पोराचं काही अडत नव्हतं, कारण तो पडद्याकडे बघतच नव्हता. तो माणसांकडे बघत होता. बायका दमल्या की ताल उतरवायचा, पोरं पुढे आली की चढवायचा. मध्येच वरमाईजवळ बसलेल्या म्हाताऱ्या धवळारणीने हात वर केला. त्याने एका बोटाने अख्खी भिंत गप्प केली. म्हातारीने धवळा, म्हणजे लग्नातलं गाणं, धरला. दहा मिनिटं मांडवात फक्त तिचा चिरका, लांब आवाज. शेवटचा सूर तिने ओढला आणि तो तुटायच्या आत खालून हलकेच ढोल आला, तिच्याच लयीत. म्हातारीचा पाय हलायला लागला.

पानातला भात संपायच्या आत वाढपी मागे उभा होता.

माझ्या शेजारी आमचा डीजे खिशात हात घालून उभा होता. खिशातली बोटं हलत होती. दहाला पाच कमी असताना पोराने घड्याळ पाहून आवाज उतरवला, धावत आमच्याकडे आला आणि याच्या पाया पडला. “काका, यो मशीन तुमचाच हाय!”

परतताना रिक्षात हा गप्प. मला वाटलं, आज काहीतरी आत गेलं. सीवूड्स स्टेशन मागे पडल्यावर तो हळूच म्हणाला, “काका, त्या मशीनच्या चक्राला एक वजन होतं. नव्यात ते नाही. विकायला नको होतं.”

महिन्याभरात सौदा झाला. हळदींवर कमावलेल्या पैशांतून पोराने याचं चार चॅनेलचं मशीन घेतलं. त्याला चारही लागतात, कुठले आणि कशासाठी, हे तो बोटांवर मोजून सांगतो. आणि याने स्वतःचं डीडीजे-४०० परत विकत घेतलं, विकलं होतं त्याहून दोन हजार जास्त देऊन. घरी आणून ते जिन्यातल्या त्या खोक्यात ठेवून पाहिलं. थर्माकोलमध्ये अगदी चपखल बसलं. मी तक्रारवहीत लिहिलं : ‘निकाली. खोकं आता रिकामं नाही.’

परवा गणपतीची मीटिंग झाली. मी मोठ्या आशेने विचारलं, “मग यंदा?”

“नक्की काका,” तो म्हणाला. “फक्त ते पेनाचं टोपण काढायचंय. फेडरची ओरिजिनल टोपी मागवलीये. ती येऊ दे.”