वाट्याला एक मिनिट

शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत दर ३५ मुलांमागे निदान एक शिक्षक असावा असं ठरवून दिलं आहे. शाळेचा तास ३५ मिनिटांचा धरला तर गणित तोंडीच सुटतं. एका तासात एका मुलाच्या वाट्याला मास्तर येतो एक मिनिट. त्यातून हजेरी, फळा पुसणं, मागच्या बाकावरच्या दोघांना उभं करणं आणि शिपायाने आणलेली नोटीस वाचून दाखवणं वजा करा. उरलेल्या सेकंदांवर या महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या माणसं शिकली, डॉक्टर झाली, तलाठी झाली, काही तर निवडूनही आली. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं आणि तेच मूल घरी जेवणाच्या टेबलाशी येऊन बसलं. तिथे त्याच्या वाट्याला अख्खी आई आली, आणि कंपनीने घरून काम करायला सांगितलं असेल तर जोडीला वडीलही. म्हणजे ३५ पैकी ३५ मिनिटं, तीही दोन माणसांची. मात्रा एकदम सत्तरपट! कुठलंही औषध सत्तरपट दिल्यावर जे व्हायचं तेच झालं. टाळेबंदीतल्या घरच्या अभ्यासाबद्दल पुष्कळ हळहळ व्यक्त झाली, आणि बहुतेकांचा सूर असा की मुलांकडे नीट लक्ष देणारं कुणी नव्हतं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. निदान ज्या घरांत वायफाय होतं आणि प्रिंटर घ्यावा की नको यावर दोन-दोन दिवस खल झाला, त्या घरांत अभ्यासाची नासाडी लक्ष न दिल्यामुळे झाली नाही. नको तितकं दिल्यामुळे झाली.

वर्गात मूल काय करतं ते आठवून बघा. थोडं ऐकतं, थोडं सोडून देतं, खिडकीबाहेर जाऊन येतं, शेजारच्याच्या वहीत डोकावतं आणि आपलं चुकलेलं बाईंची फेरी यायच्या आत खोडून टाकतं. ही चोरी नव्हे, हाच अभ्यास. आपली चूक आपल्यालाच आधी दिसणं, आणि ती दुरुस्त करायला कुणाचं लक्ष नसलेली दोन मिनिटं मिळणं, यापेक्षा वेगळं शिकणं फारसं नसतं. घरी ही सोय नाही. तिथे चूक जन्माला यायच्या आधीच तिची जन्मनोंद होते. पेन्सिल कागदाला टेकायचा अवकाश, की खांद्यावरून प्रश्न येतो, "हातचा घेतलास का?" मुलाने घेतलेला असतो. पण ज्या अर्थी विचारलं त्या अर्थी राहिला असणार, म्हणून ते तो पुन्हा घेतं. उत्तर बरोबर दहाने जास्त येतं, आणि आईला वाटतं, बरं झालं बाई मी बसले होते! दुसरीच्या घरांत आणखी एक नाट्य होतं. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकाने त्र्याहत्तरला 'सत्तर तीन' म्हणायची मुभा दिली, त्यावर विधानसभेपर्यंत रण माजलं आणि थंडही झालं. वर्षभरातच पालकाला ते पुस्तक स्वतः शिकवायची पाळी आली. मूल बिचारं त्र्याहत्तर आणि सत्तर तीन, दोन्ही म्हणायला तयार होतं. वडील मात्र आपलं बालपण वाचवायला बसले होते.

ऑनलाइन वर्गाने या पहाऱ्याला कॅमेऱ्याची जोड दिली. चौकटीत मुलगी, केसांना तेल, गळ्यात शाळेचा टाय, खाली घरातली चड्डी. चौकटीबाहेर, टेबलाच्या खाली, मांडी घालून आई. बाई स्पेलिंग विचारतात, मुलगी छताकडे बघते आणि टेबलाखालून एकेक अक्षर वर येतं. मध्येच कुणाचा तरी कुकर शिट्टी देतो, बाई म्हणतात, "सगळ्यांनी म्यूट करा," आणि नेमकी ती आईच म्यूट होत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. बालवाडीला दिवसाला ३० मिनिटांपेक्षा जास्त नको, पहिली ते आठवीला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं. चांगलंच केलं. पडद्याला मर्यादा घातली, शिक्षकाला घातली. आईबापांना मात्र कुठल्याच परिपत्रकाने तास ठरवून दिले नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी आहे, २८व्या कलमाने शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला बंदी आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शाळा होती. ही दोन्ही कामं एकाच वेळी, एकाच टेबलावर, बिनपगारी होतील हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

यावर शिक्षणशास्त्र वाचलेली मंडळी ब्लूमचं नाव काढतात. बेंजामिन ब्लूम या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ मध्ये मांडलं होतं, की एकास एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो. मग एकट्या मुलाला मिळालेलं लक्ष अपायकारक कसं? आक्षेप वजनदार आहे, आणि मी तो तसाच्या तसा मान्य करतो. फक्त ब्लूमचा शिकवणारा त्या मुलाचा बाप नव्हता. त्याला शिकवण्याची तयारी करून दिलेली होती, मूल कुठे अडलंय ते तो वेळोवेळी चाचणी घेऊन बघत होता, आणि मुख्य म्हणजे तास संपला की तो आपल्या घरी जात होता. मुलाचं उत्तर चुकलं तर ते फक्त उत्तर चुकत होतं. "तुझ्या आत्याकडचे सगळे असेच गणितात कच्चे" हा निष्कर्ष त्यातून निघत नव्हता. आई शिकवते तेव्हा भागाकार चुकला की खानदान चुकतं, आणि संध्याकाळी तीच आई जेवायला वाढते. ज्या माणसाकडे कुरकुर करायला जायचं तेच माणूस परीक्षक झालं, तर मुलाने जायचं कुठे? टाळेबंदीत तर दाराबाहेरही जाता येत नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त बोचणारा आहे. हे सगळं वायफायवाल्यांचं रडगाणं झालं. ज्यांच्याकडे फोनच नव्हता त्यांचं काय? खरं आहे. सिंधुदुर्गातली एक मुलगी रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून शिकली, तिला अति लक्षाचा त्रास झाला असं म्हणण्याची माझी छाती नाही. शिक्षणाची स्थिती मोजणाऱ्या 'असर'ने सप्टेंबर २०२० मध्ये ग्रामीण भारतात फोनवरून पाहणी केली, तेव्हा ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये ते प्रमाण ३६.५ होतं. उरलेल्यांसाठी टाळेबंदी म्हणजे निव्वळ नुकसान. पण त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट आहे. सुमारे तीन चतुर्थांश मुलांना घरचं कुणी ना कुणी अभ्यासात मदत करत होतं, आणि ज्यांचे आईवडील दोघंही प्राथमिक शाळेच्या पुढे गेले नव्हते त्यांच्यातही अर्ध्याहून जास्त मुलांना ही मदत मिळत होती. आता ज्याला भागाकारच येत नाही तो "हातचा घेतलास का" असं विचारणार नाही. तो विचारेल, "काय वाचलंस आज? सांग बघू." आणि मूल सांगू लागेल, कारण समोरच्याला खरंच माहीत नाही. पदवीधर बापाला हे अज्ञान आणायचं कुठून? सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका सुरू झाली. भिंत आणि टीव्ही यांचा गुण असा, की मूल त्यांच्याकडे बघतं, ती मुलाकडे बघत नाहीत.

तरीही कुणी म्हणेल, निकाल बघा की! २०२१ चा दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. घरच्या अभ्यासाने काय बिघडलं? बिघडलं काहीच नाही, कारण परीक्षाच झाली नव्हती. त्या शंभरातले ५० गुण तर नववीच्या निकालावरून दिले होते. आणि घरी ज्या चाचण्या झाल्या त्यांत कुणाला किती मिळाले ते सोसायटीच्या ग्रुपवर बायका एकमेकींना उघडपणे विचारत होत्या, "तुला किती?"

घरी मुलं काहीच शिकली नाहीत असं मी म्हणत नाही. चौथीचा इतिहास काढून वडील 'रिकाम्या जागा भरा' घ्यायला बसले, अफझलखानाच्या शामियान्यापाशी आले आणि वाहवत गेले. मग वाघनखं, मग सय्यद बंडा, मग प्रतापगडाचं जंगल. अर्धा तास कुणी कुणाला काही विचारलं नाही. रिकाम्या जागा रिकाम्याच राहिल्या, पण मुलाचं तोंड उघडं ते उघडंच. त्या अर्ध्या तासात बाप मुलाकडे बघत नव्हता, गडाकडे बघत होता.

पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्यातल्या शाळा टप्प्याटप्प्याने उघडल्या, मुलं आपापल्या एका मिनिटाकडे धावत परत गेली, आणि पहिल्याच पालकसभेत पुढच्या रांगेतून तक्रार आली, की वर्गात वैयक्तिक लक्ष दिलं जात नाही.