ऑप्शनभाऊ

अकोल्याहून वाशीमकडे निघालं की पातूरनंतर मेडशी लागतं. स्टँडवरच्या चहाटपरीला खेटून ऑनलाइन फॉर्म भरायचं एक दुकान आहे, त्यात आमचे ऑप्शनभाऊ बसतात. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, अमरावती विद्यापीठ. खरं नाव आता फक्त मार्कशीटवर उरलंय.

"झालं का तुयं बीएस्सी? मंग ऑप्शन पाय." सोयाबीनच्या काटापावतीच्या पाठीवर भाऊ गोल काढतात, गोलात 'तू' लिहितात आणि बाण सोडायला लागतात. पहिला एमसीएचा. सीईटी द्यायची. पूर्वी तीन वर्षं लागत, २०२० पासून दोनच. "कर्ज नाही झालं माफ, पण वर्ष तं झालं!" दुसरा एनआयटीचा, त्याची निमसेट वेगळी, गणित पाहिजे. तिसरा सी-डॅकचा, सी-कॅट दिली की सहा महिन्यांचा डिप्लोमा. इथं भाऊ हमखास रेंगाळतात. १९८८ ला सी-डॅक कसं निघालं, १९९१ ला परम ८००० कसा उभा राहिला, हे असं सांगतात की वायरी यांनीच जोडल्या असाव्यात. पोट्ट्याचा चहा निवतो. मग गेट, एमपीएससी, आणि एमसीए झालं की नेट, बँकेतली आयटी ऑफिसरची जागा. पावती संपते, बाण टेबलावर उतरतात.

स्वतः भाऊंनी अजून एकही बाण खोडलेला नाही. गेट का दिली नाही? "स्कोअर तीन वर्षंच चालते. उगाच देऊन मीटर कायले चालू करायचं?" पुण्याला न्यायची बॅग केव्हाची भरून तयार आहे. सध्या तिच्यावर प्रिंटर ठेवलाय.

परवा एक आजी केवायसीला आल्या. अंगठा काही उमटेना. भाऊंनी मशीनची काच शर्टाला पुसली, आजींचं बोट ओल्या रुमालानं चोळलं, अंगठा सोडून एकेक बोट लावून पाहिलं. पाचव्या खेपेला करंगळीशेजारच्या बोटानं हिरवा दिवा लागला. "निंदून निंदून रेघा गेल्या माय, तुयी काय चूक?"

आजींनी पदराच्या गाठीतून पैसे काढले. "कम्प्युटर शिकला म्हणते तू. आता फुडं काय करशील, बाप्पा?"

भाऊंनी खुर्ची पुढं ओढली. नवी काटापावती उलटी केली आणि मधोमध गोल काढला.

"बस माय. एसटीले टाइम हाय."