किल्ली लंडनच्या कनवटीला

एडिंबराला संसद दिली की स्कॉटिश राष्ट्रवाद कायमचा निकालात निघेल, असं भाकीत मजूर पक्षाच्या जॉर्ज रॉबर्टसन यांनी 1995 मध्ये केलं. 1999 मध्ये संसद आली. 2007 मध्ये राष्ट्रवादी सत्तेवर आले. 2011 मध्ये त्यांनी 129 पैकी 69 जागा मारल्या.

म्हणजे अधिकार दिले हे चुकलं? छे! अर्धेमुर्धे दिले, हे चुकलं.

1998 च्या स्कॉटलंड कायद्याचं कलम 28 काढून वाचा. सुरुवातीलाच एडिंबराला कायदे करण्याचा अधिकार. सातव्या पोटकलमात खुलासा: याने स्कॉटलंडसाठी कायदे करण्याच्या लंडनच्या अधिकाराला बाधा येत नाही.

घर तुमचं, किल्ली आमच्या कनवटीला.

ही खोड जुनी. मार्च 1979 च्या सार्वमतात 51.6 टक्के स्कॉटिश मतं स्वतःच्या विधानसभेच्या बाजूने पडली. पण अट होती एकूण मतदारांच्या 40 टक्क्यांची. भरले 32.9. जो घरी बसला, तो विरोधकांच्या खात्यात जमा!

2016 मध्ये ब्रेक्झिटला ही अट का नव्हती? तेव्हा बाहेर पडण्याच्या बाजूने होते एकूण मतदारांपैकी जेमतेम 37 टक्के. स्कॉटलंडचा नियम लावला असता, तर ब्रिटन आजही युरोपीय संघात असतं.

स्कॉटलंडने तर 62 टक्क्यांनी संघात राहायचं म्हटलं होतं. विचारतो कोण? ब्रेक्झिट कराराच्या कायद्याला 2020 मध्ये एडिंबरा, वेल्सचं कार्डिफ आणि उत्तर आयर्लंडचं बेलफास्ट या तिघांनीही संमती नाकारली. कायदा झालाच. संमती घ्यायची प्रथा आहे खरी. पण ती न्यायालयातून बजावून घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगून टाकलं होतं.

राज्यशास्त्रज्ञ मायकेल कीटिंग या विषयावर अनेक दशकं लिहीत आहेत. 2021 च्या ‘स्टेट अँड नेशन इन द युनायटेड किंगडम’मध्येही त्यांचा मुद्दा सरळ आहे: ब्रिटन हे एकजिनसी राष्ट्र नव्हे, अनेक राष्ट्रांचा संघ आहे. त्यातली जनता एक की अनेक, अंतिम सत्ता कुणाची, यावरच तिथे एकमत नाही. लंडनच्या सत्ताधाऱ्यांनी ही पुस्तकं वाचायला कुणी बंदी केली होती?

मग 2022. स्वातंत्र्यासाठी पुन्हा सार्वमत घेता येईल का, असं स्कॉटलंडच्या सरकारने विचारलं. लंडनच्या परवानगीशिवाय नाही, असं न्यायालय म्हणालं. परवानगी कधी मिळेल? ते कुठेच लिहिलेलं नाही.

उत्तर आयर्लंडसाठी मात्र लिहिलेलं आहे. बहुमत वेगळं व्हायच्या बाजूचं दिसलं, तर मंत्र्याला मतदान घ्यावंच लागतं. तसा कायदा 1998 पासून आहे.

जिथे तीस वर्षं बंदुका चालल्या, तिथे वाट लिहून मिळाली. जे फक्त मतपेटीकडे गेले, त्यांना मिळाली नाही. यातून तरुणांनी कोणता धडा घ्यायचा?

एडिंबराचेही हात स्वच्छ नाहीत. लंडन अधिकार देत नाही म्हणून ओरडणाऱ्या याच सरकारने आपल्या 32 स्थानिक परिषदांचा कर 2008 पासून नऊ वर्षं गोठवून ठेवला. सत्ता आपल्यापर्यंत खाली यावी, आपल्याखाली जाऊ नये! हा स्वभाव आपल्याही ओळखीचा आहे.

2024 मध्ये राष्ट्रवाद्यांची लंडनच्या संसदेतली संख्या 9 वर आली. झालं, संपला प्रश्न? पक्ष आपटला. मागणी आपटली नाही.

आणि भीती तरी कसली? 2014 च्या स्वातंत्र्याच्या सार्वमताला लंडनने रीतसर परवानगी दिली होती. सोळा वर्षांच्या मुलांनाही मत होतं. 84.6 टक्के मतदान झालं आणि 55 टक्के लोकांनी राहायचं ठरवलं. दार उघडं असताना.

उघड्या दाराने जे साधलं, ते आज कडी लावून साधणार आहे का? पुढचं सार्वमत केव्हा आणि कोणत्या अटींवर, ते कायद्यात लिहा. ब्रिटन टिकवायचं असेल, तर तेवढी हिंमत लंडनला दाखवावीच लागेल.