इरले की घोंगडी? जावळीच्या युद्धशास्त्रातील एक उपेक्षित प्रकरण

इतिहासात जर-तरला जागा नाही असे म्हणणारे लोक बहुधा देशावर राहतात. शिवथर खोऱ्यात जून लागला की चार महिने पडवीतून हलता येत नाही. अशा ठिकाणी माणसाने जर-तर करायचे नाही, तर करायचे काय? कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर या तिन्ही गावांवर पाऊस सारखाच कोसळतो आणि त्या पावसात कोणाच्याही डोक्यात एकच विचार येतो, तो म्हणजे डोक्यावर काय घ्यावे. प्रस्तुत निबंधात याच विचाराला शास्त्राची बैठक देण्याचा प्रयत्न आहे. तलवारीचे पाते फिरंगी की देशी, तोफ इंग्रजांची की फ्रेंचांची, यावर विद्वानांनी खंडच्या खंड खर्ची घातले. ती तोफ डागणाऱ्याच्या डोक्यावर काय होते, हे मात्र कोणी विचारले नाही.

आधी आयुधांचा परिचय. इरले म्हणजे कळकाच्या किंवा मेसाच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात पळसाची नाहीतर कुंभ्याची पाने दाबून बसवलेली. ते डोक्यावरून पाठीवर उतरते, हात मोकळे ठेवते आणि लावणीला वाकलेल्या माणसाला कमरेपर्यंत कोरडे राखते. घोंगडी लोकरीची. तिची खोळ करून डोक्यावर घेतली की अंगरखा, रात्री पसरली की अंथरूण, चार टोके बांधली की धान्याचे गाठोडे. इरले भिजले तरी जड होत नाही. घोंगडी होते, पण भिजूनही ऊब सोडत नाही. शिवाय इरले स्थानिक माल आहे आणि घोंगडी आयात माल. मेंढराला कोकणातला पावसाळा मानवत नाही. धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन खाली उतरतो आणि पहिल्या सरीच्या आत घाट चढून देशावर परततो. म्हणजे ज्या खोऱ्याला घोंगडी सगळ्यांत जास्त लागते, तिथे ती तयार होत नाही. चंद्रराव मोऱ्यांच्या जावळीची ही सामरिक पराधीनता आजवर कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. जानेवारी 1656 मध्ये महाराजांनी जावळी घेतली. जानेवारीत इरलेही लागत नाही आणि पावसाची घोंगडीही लागत नाही. स्वारीच्या या मुहूर्तात राजकारण किती आणि हवामान किती, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

आता मुख्य प्रमेय. 1659 च्या उन्हाळ्याअखेर अफझलखान दहा-बारा हजारांची फौज, हत्ती, उंट आणि तोफा घेऊन वाईला येऊन बसला. पावसाळ्यातच महाराज प्रतापगडावर आले. वाई ते प्रतापगड हे अंतर नकाशावर वितीएवढेही नाही, तरी दोघांची भेट झाली 10 नोव्हेंबरला. मधले महिने खान काय करत होता? इतिहासकार सांगतात, की देशमुखांना पत्रे पाठवत होता, वकिलांच्या खेपा चालू होत्या, दबाव टाकत होता. हे सगळे खरेच आहे. पण मूळ कारण साधे होते: पाऊस पडत होता. वाई डोंगराच्या आडोशाला असल्याने तिथे पाऊस बेताचा. पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरच्या पठारावर गेले, की आभाळ खाली येते. तिथून रडतोंडीच्या घाटाने पारला उतरायचे, तेही जावळीच्या जंगलातून, आणि तोड्याच्या बंदुकीची जामगी मुठीत झाकून. वाईचा सुभा पूर्वीपासून खानाकडेच होता, तेव्हा हे त्याला कोणी सांगायला नको होते.

इथे पूर्वपक्ष उभा राहतो. विजापूरच्या दरबाराने जेठात बारा हजार इरल्यांची मागणी नोंदवली असती तर? एक माणूस दिवसाला एक इरले विणतो असे धरू. दोनशे बुरूड लावले तर साठ दिवसांत माल तयार. पाने मात्र ताजी हवीत, म्हणजे पुरवठादार जंगलाजवळचा हवा, आणि ते जंगल तर शत्रूच्या ताब्यात. आपली पाने शत्रूकडून विकत घेण्याची ही अडचण अनेक सैन्यांना आजही सुटलेली नाही. समजा, ती सुटली. श्रावणात खान बारा हजार हिरव्या पाठींची फौज घेऊन घाटमाथ्यावर आला. प्रतापगडावरच्या टेहळ्याला वाटले असते, अख्खी वाई यंदा जावळीत भात लावायला आली आहे.

हत्तीच्या इरल्याचा प्रश्न आम्ही मुद्दामच बाजूला ठेवतो. त्याला लागणाऱ्या पळसाच्या पानांचा हिशेब एका पत्रावळी व्यावसायिकाकडे नेला होता. त्याने तो हाती घेण्याचे नाकारले.

उत्तरपक्ष असा. इरले हे शेतात वाकलेल्या माणसासाठी आहे, रानात धावणाऱ्यासाठी नाही. कारवीच्या दाटीतून दोन खांद्यांपेक्षा रुंद वस्तू पाठीवर घेऊन जाणे म्हणजे प्रत्येक झुडपाला जकात देणे. त्यातही हात डोक्यावर उचलला की इरले मागे सरते, म्हणजे तलवारीचा वार करणारा नेमका वाराच्या क्षणी भिजतो. ढाल आणि इरले एकाच वेळी सांभाळणारा हशम लेखकाच्या तरी डोळ्यांसमोर येत नाही. या बाबतीत मावळ्याची खोळ सरस. काटा लागला तर अडकते, पण फाटत नाही. ओली झाली तर पिळता येते. आणि जखमी माणसाला तिच्यातच घालून नेता येते. तेव्हा खानाने इरली घेतली असती तरी तो हरलाच असता, फक्त तीन महिने आधी आणि जास्त हिरवा दिसून.

यावर कोणी म्हणेल, डोक्यावरच्या आच्छादनाने कधी लढाई फिरते का? फिरते. 23 जून 1757 रोजी प्लासीला दुपारी मुसळधार पाऊस आला. इंग्रजांनी आपल्या दारूवर ताडपत्र्या ओढल्या. नवाबाच्या गोलंदाजांकडे त्या नव्हत्या. इंग्रजांची दारूही भिजली असेल असे समजून मीर मदन चालून गेला आणि मारला गेला. बाकीची फितुरी मीर जाफरने केली, हे मान्य आहे. पण ताडपत्रीचा वाटा कमी लेखू नये. बंगालच्या गादीची किंमत त्या दिवशी डांबर लावलेल्या चार कापडांत भागली.

विजापूरनेही धडा घेतला, फक्त एक वर्ष उशिरा. 1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याचा वेढा ऐन पावसाळ्यातही उठवला नाही. त्याने छावणीवर छपरे घातली आणि राजापूरच्या हेन्री रेव्हिंग्टनकडून इंग्रजी तोफा आणि गोळेही मिळवले. कागदावर ही खरेदी बिनतोड होती. पण जुलैच्या मध्यावर एका मुसळधार रात्री महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले, आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी पाठलाग रोखला. चूक कुठे झाली? छप्पर बसलेल्यासाठी होते, फिरत्या पहारेकऱ्यासाठी नव्हते. जौहरने गोळ्यांऐवजी पहारेकऱ्यांना चारशे चांगल्या घोंगड्या वाटल्या असत्या, तर त्या रात्री चौकीवर कोणीतरी खरोखरच उभे असते. स्वराज्याचे सुदैव म्हणून जौहरला गोळे मिळाले. गोळे विकणाऱ्यांचे मात्र पुढच्याच वर्षी राजापुरात वाईट झाले. इंग्रज व्यापारी कैदेत पडले आणि त्या कैदेतला काही काळ त्यांनी आपल्या महाडजवळच्या सोनगडावर काढला. मालाची पावसाळी चाचणी पुरवठादारानेच द्यावी, ही पद्धत आजच्या खरेदी नियमांतही यायला हरकत नाही.

स्वराज्याचे याबाबतचे धोरण काय होते? सभासदाच्या बखरीवरून दिसते ते असे: पावसाळ्यात लष्कर छावणीत, दसऱ्याला बाहेर, छावणीत दाणागोटा, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे आधीपासून तयार. निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूंची यादी, परतल्यावर झाडा. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी लिहिलेल्या पत्रात तर गवताची काळजी इतकी आहे, की उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी जळेल इथपर्यंत विचार केला आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र सांगते, की पावसाळ्यात तोफांना तेलमेण द्यावे, त्यांचे काने मेणाने भरावेत आणि वरून आच्छादन घालावे. म्हणजे घोड्याच्या वैरणीला शाकार, तोफेच्या कान्याला मेण. हशमाच्या डोक्याला काय? ते त्याचे त्याने पाहावे. घोंगडी घरची, बायकोने बांधून दिलेली. आमच्या मते हीच त्या काळातली सर्वांत शहाणी खरेदी होती. दरबारने घोंगड्या घेतल्या असत्या, तर आधी नमुना मंजुरीला गेला असता, मग दराचा वाद पडला असता, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते भिजत घोंगडे तसेच राहिले असते.

समर्थांनी शिवथरघळीत दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला अशी परंपरा आहे. 1930 साली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ती घळ पुन्हा उजेडात आणली. शेजारी धबधबा कोसळत असताना आत कागद कोरडा राहिला, याचे लष्करी मोल कोणी जोखलेले नाही. या खोऱ्यातले बिनखर्ची आणि सर्वांत टिकाऊ पर्जन्यत्राण म्हणजे ही घळ. तिचा एकच दोष: ती पाठीवर घेता येत नाही.

शेवटचा जर-तर रायगडाचा. मे 1818 मध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफांपुढे रायगड पडला. 10 मेला किल्ला ताब्यात गेला. तिथून मृग नक्षत्र अवघ्या महिन्यावर होते. किल्लेदाराने तेवढे दिवस काढले असते, तर इंग्रजांच्या उखळी तोफांच्या दारूचे काय झाले असते, याची कल्पना पाचाडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावी. चार्ल्स मॅकिंटॉशने रबराच्या कापडाचे पेटंट घेतले ते 1823 मध्ये, म्हणजे प्रॉथरला ते पाच वर्षे उशिरा झाले असते. पण उखळी गोळ्यांनी गडावर आग लागली आणि लाकडी इमारती जळाल्या. ज्या आच्छादनाने पाऊस अडतो, तेच आगीला चारा होते, हा इरल्याविरुद्धचा आमचा निर्णायक पुरावा.

निकाल असा: जावळी, शिवथर आणि पोलादपूर या मुलखातील चालत्या सैनिकासाठी घोंगडी, बसून पहारा करणाऱ्यासाठी इरले, तेही चौकीच्या दारात अडकणार नाही अशा बेताचे. मात्र कोणा वाचकाच्या माळ्यावर जुने इरले अजून शिल्लक असेल, तर त्याची रुंदी मोजून कळवावी. ती दीड हाताच्या आत भरल्यास आमचा उत्तरपक्ष कोसळतो, आणि खानाला श्रावणात रडतोंडीतून खाली उतरवावे लागेल.