माळरानाची मोहीम

इंग्लंडातील सरे परगण्याच्या ज्या रेताड, निकस माळाकडे, तेथे हीथर नामक काटक झुडपापलीकडे धड काही उगवत नाही म्हणून, शेतकऱ्याने पिढ्यानुपिढ्या पाठ फिरविली, त्याच माळावर पाणी तत्काळ मुरते व चेंडू सुरेख घरंगळतो असा साक्षात्कार झाल्यापासून, वॉल्टन हीथसारख्या क्षेत्रांची यात्रा योजणाऱ्या परदेशस्थ गोल्फभक्तांची दप्तरे अर्ज, हँडिकॅपचे दाखले व आगाऊ भरण्याच्या पावत्यांनी फुगू लागली आहेत.

त्यांतही सेंट जॉर्जेस हिल या टेकडीची हकीकत विशेष मननीय आहे. १६४९ साली जेरार्ड विन्स्टन्ली व ‘डिगर्स’ म्हणविले गेलेले त्याचे निर्धन साथीदार, भूमी ही सर्वांची सामाईक ठेव होय असे प्रतिपादीत, ती खणून गाजरे पेरू लागले, तेव्हा स्थानिक जमीनदारवर्गाने मारझोड करवून व फिर्यादी गुदरून त्यांची हकालपट्टी केली. १९१३पासून त्याच टेकडीवर, हॅरी कोल्ट यांनी आखलेल्या मैदानात, सभ्य गृहस्थ लोखंडी आयुधांनी हिरवळीची ढेकळे उडवीत असतात. फरक इतकाच की, हे उत्खनन सशुल्क असून त्यातून गाजर निघत नाही. उडालेले ढेकूळ मात्र ज्याचे त्याने जागच्या जागी बसवावे, असा गोल्फचा शिष्टाचार आहे.