वाकडे स्लीपर

वाकडे स्लीपर विकत मिळतात, आणि शौकिनांमध्ये ते सरळ स्लीपरांपेक्षा खानदानी समजले जातात. इंग्लंडात डेव्हनमधल्या बीअर नावाच्या गावी पेको कंपनी नॅरोगेज मॉडेलांसाठी रूळ बनवते. त्यातल्या एका प्रकाराला ‘क्रेझी ट्रॅक’ असंच म्हणतात. एक स्लीपर इकडे तिरका, दुसरा तिकडे, दोहोंतलं अंतर कमीजास्त. वर्षानुवर्षं पावसाळे सोसलेला आणि निधी कधीच मंजूर न झालेला रूळ जसा दिसेल तसा. मी पाहताक्षणी तोच मागवला.

मला जुनी नॅरोगेज रेल्वे लाइन, बार्शी लाइट, हवी होती, दिवाणाखाली सरकवता येईल एवढ्या फळीवर. घरी येणारे तिला ‘टॉय ट्रेन’ म्हणतात. मी शांतपणे ‘स्केल मॉडेल’ अशी दुरुस्ती करतो आणि चहा येण्याआधीच हिशेब सांगून टाकतो: खऱ्या लाइनीचा गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर, त्याला ८७ ने भागा, ८.७६ येतात, बाजारात मिळतो ९ मिलिमीटरचा रूळ, फरक जेमतेम पाव मिलिमीटर. पाहुणे मान डोलावतात आणि बिस्किटाकडे बघतात.

आता ९ मिलिमीटरचा रूळ एन गेजवाल्यांचाही असतो, आणि तो सहज मिळतो. पण एन गेज ही ब्रॉडगेज-स्टँडर्डगेजची फार बारीक केलेली नक्कल. तिचे स्लीपर बारीक आणि दाटीवाटीचे. माझं इंजिन त्यावर ठेवलं तर आगपेटीच्या काड्यांवर हत्ती उभा केल्यासारखं दिसतं. बायको म्हणाली, “लांबून कुणाला कळणार आहे?” ज्याला कळेल असा एकही माणूस तोवर आमच्या घरी आलेला नव्हता हे खरं असलं, तरी तो उद्या येणारच नाही कशावरून?

तो आला तर मात्र माझी पंचाईत आहे. पेकोचा हा रूळ ‘कोड ८०’चा, म्हणजे ०.०८० इंच, साधारण दोन मिलिमीटर उंच. त्याला ८७ ने गुणलं की १७७ मिलिमीटर होतात. हल्ली मेन लाइनीवर घालतात तो ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर उंच असतो. म्हणजे माझ्या फळीवर, प्रमाणात पाहिलं तर, राजधानी एक्स्प्रेस आरामात धावेल. आणि खऱ्या बार्शी लाइटचा रूळ होता यार्डाला ३० पौंडांचा, मीटरला पंधरा किलोसुद्धा भरत नाही असा!

एवढ्या हलक्या रुळावर गाडी चालवायची ही करामत इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉपची, आणि या माणसाचं नाव निघालं की मला आवरत नाही. १८९७ साली लाइन सुरू झाली तेव्हाचं त्याचं तत्त्व असं की, इंजिन असो, डबा असो की वाघीण, कुठल्याच आसावर पाच टनांहून जास्त वजन येता कामा नये. भार सारखा वाटला की हलका रूळही पुरतो. तिकडे इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड ही गाडीही त्याचीच. अरबी घोड्यांचं त्याला वेड होतं, आणि घोड्यावर त्याने पुस्तकही लिहिलं. मग १९१० साली त्याचा मित्र, रोल्स-रॉइसमधला रोल्स, विमान कोसळून गेला आणि हा रूळवाला पॅराशूटच्या मागे लागला. त्या पॅराशूटचं नाव ‘गार्डियन एंजल’. पहिल्या महायुद्धात त्याच्या साहाय्याने शत्रूच्या हद्दीत हेर उतरवले गेले. ब्रिटिश वैमानिकांना मात्र वरिष्ठांनी पॅराशूट दिलंच नाही. पाच टनांचा हिशेब ज्याचा मान्य झाला, त्याचा माणूस वाचवायचा हिशेब तसाच पडून राहिला. बायकोच्या मते हा सगळा मजकूर रूळ निवडण्याशी संबंधित नाही.

बरं, सांधे. रूळ रुळाला छेदतो त्या जागेला मॉडेलवाले ‘फ्रॉग’ म्हणतात. तो प्लास्टिकचा असेल तर जोडणी सोपी, पण तिथे वीज नसते, आणि चारचाकी चिमुकलं इंजिन नेमकं तिथेच बसकण मारतं. मग बोटाने ढकला. वीजवाहू फ्रॉग घेतला तर सांध्याबरोबर त्याची विजेची बाजूही बदलावी लागते. त्यासाठी वेगळा स्विच, खाली तारांचं जंजाळ. मी दुसरा घेतला. पाहुण्यांसमोर बोटाने ढकलायचं म्हणजे पाव मिलिमीटरचं सगळं पुण्य गेलं.

सांधा बसवल्यावर पहिला पाहुणा आला तो मामा. मामा बार्शी लाइटवर गँगचे मुकादम होते. त्यांनी चष्मा पुसला, सांधा बघितला, काही बोलले नाहीत. मग स्लीपरांवरून नख फिरवत गेले.

“ही लाइन कुणाच्या गँगकडं हाय?”

“मामा, ते मुद्दाम तसेच येतात. जुनी लाइन वाटावी म्हणून.”

“जुनी लाइन अशी नव्हती. आमच्याकडची तर नव्हतीच.”

उन्हाळ्यात रूळ तापून फुगायचे, पावसाळ्यात खडीखालची माती वाहून जायची, आणि मामांच्या गँगची माणसं बीटर, सब्बल घेऊन रोज तोच तुकडा पुन्हा ओळीत आणायची. त्या सरळपणाचा फोटो कुणी काढला नाही. गाडी हळू जाते म्हणून शिव्या मात्र आम्ही सगळ्यांनी घातल्या, गेजबदलाची मागणीही आम्हीच केली, आणि ती रास्तच होती. आता ब्रॉडगेज झाल्यावर आम्हाला जुनी लाइन हवी आहे, आणि तीही मोडकळीला आलेली. मला त्या क्षणी माझा नाही, या सगळ्या हळहळण्याच्या शौकाचाच राग आला.

पेकोचा सरळ स्लीपरांचा ‘मेनलाइन’ प्रकारही आहे. तो मागवला. वाकडा तुकडा फेकवेना, म्हणून सांध्यापलीकडे एका कोपऱ्यात लावला. पुढच्या खेपेला मामांचं नख बरोबर तिथे थांबलं.

“आणि हे?”

“ती जिनिंग फॅक्टरीची खासगी सायडिंग आहे, मामा.”

“मग असू दे,” मामा म्हणाले. “ती आपल्याकडं येत न्हाई.”