पाठपुरावा सुरू आहे

आजऱ्यात एखादं विकासकाम कुठवर आलंय हे बघायचं असेल तर रस्त्यावर जाऊ नये, आबांकडे जावं. रस्त्यावर नुसता खड्डा दिसतो. आबांकडे त्याच खड्ड्याचं अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा आणि लोकार्पणाची संभाव्य तारीख असते. आबा म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. नगरपंचायतीचे प्रभाग सतरा, पण आबा तीस-पस्तीस तरी असतील. काही निवडून आलेले, काही पडलेले, काही पुढच्या वेळी उभे राहणारे, आणि एखाददुसरा महिला राखीव प्रभागातल्या नगरसेविकेचा नवरा. हा शेवटचा आबा सगळ्यांत कामाचा. घरात सही मिळवण्यापासून त्याचा पाठपुरावा सुरू होतो.

आबांची ओळख त्यांच्या प्लॅस्टिकच्या फाइलवरून पटते. तिच्यात निवेदनांच्या पोचा असतात. बांधकाम खातं, पाणीपुरवठा, महावितरण, वनखातं, तहसील, झालंच तर मंत्रालय. प्रत्येक कागदावर ‘आवक’चा गोल शिक्का. बाकीचे लोक निवेदन देऊन उत्तराची वाट बघतात. आबांचं काम शिक्का उमटला की तिथंच फत्ते होतं. एसटी स्टँडसमोर चहाला थांबलेल्या माणसानं नुसतं “आबा, त्या रस्त्याचं काय झालं?” म्हणायचा अवकाश, फाइल उघडते. “हे बघ. तारीख बघ. शिक्का बघ. आणि म्हणे आबा काय करत न्हाईत!”

एका गटारीतून किती बातम्या काढता येतात हे आबांकडून शिकावं. आधी गटारीची मागणी. मग मागणीचं निवेदन, निवेदन देतानाचा फोटो. त्यानंतर ‘तत्त्वतः मंजुरी’, म्हणजे कोणीतरी मान हलवली. पुढे तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, आणि मग नारळ. भूमिपूजनाला कुदळ एक, पण तिच्या दांड्यावर सात-आठ हात. तिथं उभ्या असलेल्या एकाही माणसानं त्यानंतर आयुष्यात कुदळ धरलेली नसते. या प्रत्येक टप्प्यावर चौकात एक डिजिटल फलक लागतो आणि प्रत्येक फलकावर आबा ‘कार्यसम्राट’ असतात. सांडपाणी तेवढं फलक वाचत नाही. ते जुन्या वाटेनंच जातं.

आबांची टिंगल करणं सोपं आहे, पण त्यांची अडचणही बघायला हवी. 2017 साली आजऱ्याची ग्रामपंचायत गेली, नगरपंचायत आली. 2018 मध्ये पहिली निवडणूक झाली. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आले, सदस्य एका रात्रीत नगरसेवक झाले आणि गावाला आपण शहर झाल्याचं घरपट्टीच्या पावतीवरून कळलं. पण नगरसेवकाच्या हाती काय आलं? खासदाराला वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, आमदारालाही त्याचा असतो. नगरपंचायतीच्या आबांना स्वतःचे म्हणून पाच रुपये नसतात. पैसा येतो तो वित्त आयोगाचा, जिल्हा नियोजनचा, नगरोत्थानचा. कारभाराची सही मुख्याधिकाऱ्यांची, बिल ठेकेदाराचं. यातलं आबांच्या मालकीचं काय उरलं? आढावा. तो मात्र ते मनापासून देतात.

निधी मागायला जावं तर तिथंही भूगोल आडवा येतो. आजरा राधानगरी विधानसभा मतदारसंघात आणि आमच्याच तालुक्यातला उत्तूरचा भाग कागलमध्ये. आबांना यात अन्याय दिसत नाही, सोय दिसते. काम झालं तर दोन्ही साहेबांचे आभार मानून दोन फलक लावता येतात. अडलं तर “ते तिकडच्या साहेबांकडं हाय” म्हणता येतं. तिकडं म्हणजे कुठं, हे ऐकणाऱ्यानं आपापल्या पक्षाप्रमाणे ठरवायचं.

आबांचं वर्षही वेगळं आहे. जून ते सप्टेंबर पावसाळा. आजऱ्याच्या पावसात डांबर टाका म्हणणाऱ्याला आबा तालुक्याबाहेरचा समजतात. मग गणपती-दसरा-दिवाळी. त्यानंतर ऊसतोडीचा हंगाम, म्हणजे ट्रॉल्यांखाली नवा रस्ता कशाला खराब करायचा. त्यातून वाचलं ते आचारसंहितेत जातं. 2024 मध्ये 7 मेला लोकसभेचं मतदान झालं, 20 नोव्हेंबरला विधानसभेचं. त्या वर्षी आबा इतके निर्धास्त होते, की स्वतःहून लोकांना विचारत होते, “काय, काम हाय काय काही?” राहता राहिला मार्च. तेव्हा निधी परत जायची भीती, म्हणून जे काही व्हायचं ते त्या पंधरवड्यात होतं. म्हणूनच आमचे पेव्हर ब्लॉक एप्रिलमध्ये नवे असतात आणि जूनमध्ये ऐतिहासिक.

पाण्याचा विषय निघाला की आबा हळवे होतात. गावाला हिरण्यकेशी वळसा घालून जाते, रामतीर्थाचा धबधबा बघायला लांबून लोक येतात, चित्री धरण हाकेच्या अंतरावर. असं असून नळाला पाणी कधी, हा प्रश्न आजऱ्यातल्या बायका का विचारतात, हे कोड्यात टाकणारं आहे. आबांचं उत्तर ठरलेलं: “योजना मोठी हाय मावशी, टाइम लागणारच.” आणि ते दाखला देतात तो आंबेओहळचा. वीस-वीस वर्षं रखडलेल्या त्या प्रकल्पात 2021 च्या पावसाळ्यात अखेर पाणी अडलं. धरणग्रस्तांनी पुनर्वसनासाठी काय काय सोसलं, किती आंदोलनं केली, ते आबा सांगत नाहीत. त्यांना त्यातून एवढंच दाखवायचं असतं, की कागद कितीही हळू चालला तरी एक दिवस ओला होतो.

सगळ्यांत गोची होते ती हत्तीनं. गेली दोन दशकं आजरा-चंदगडच्या रानात टस्कराचा मुक्काम आहे. ऊस, भात, केळी, जे आवडेल ते खातो. शेतातली ट्रॉली उलथून टाकतो. घनसाळसारखं भौगोलिक मानांकन मिळालेलं सुवासिक भात त्याला न आवडायचं कारणच नाही. पंचनामा होतो, वनखात्याला निवेदन जातं, पोच फाइलला लागते. पण हत्तीला तत्त्वतः मंजुरी कळत नाही. आबांच्या कारकिर्दीत वेळच्या वेळी, सूचना न देता, स्वतः जागेवर येऊन काम पुरं करणारा तो एकटाच.

भाषण मात्र आबांनी करावं. सुरुवात “मृत्युंजयकार शिवाजी सावंतांच्या या पावन भूमीत” अशीच होणार. कर्णाच्या दातृत्वापासून ते दोन वाक्यांत ओपन जिमवर येतात. त्या जिमची सायकल फिरते, तिच्यावर दुपारी शेळी बसते, पण आकडा सांगताना आबा असे थांबतात की लोक आपसूक टाळ्या वाजवतात.

एक गोष्ट मात्र या आढाव्यात कधीच येत नाही. रात्री दोन वाजता कोणाच्या छातीत दुखलं तर पहिला फोन आबांना जातो. ते गाडी काढतात, नाहीतर कोणाची तरी काढायला लावतात. ऐंशीएक किलोमीटरवर कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात ओळख काढून खाट मिळवतात आणि सकाळपर्यंत व्हरांड्यात चहा पीत बसतात. कोणाचा उत्पन्नाचा दाखला, कोणाच्या पोरीचं वसतिगृह, कोणाच्या भाऊबंदकीतला बांध. याला भूमिपूजन नसतं, म्हणून फलक नसतो. मतं मात्र याचीच पडतात. हे आबांना ठाऊक आहे आणि लोकांनाही. तरी आबा आढावा देतात आणि लोक ऐकतात, कारण सीपीआरच्या व्हरांड्याबद्दल माइकवर बोलणं दोघांनाही अवघड जातं.

परवाचीच गोष्ट. गल्लीतला दिवा बंद पडून बरेच दिवस झाले होते. एका आजींनी आबांना भर रस्त्यात धरलं.

“आबा, दिव्याचं काय केलास रे?”

“आजी, अर्ज केलाय. ही पोच.”

“मग ती खांबाला लाव. उजेड पडतोय का बघूया.”

चहाच्या टपरीवर हशा पिकला. आबा कसलेले, तेही हसले. लगेच मोबाइल काढून त्यांनी सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात वायरमनला फोन लावला. वायरमन म्हणाला, दिवा हाय, माणूस हाय, पण शिडी पलीकडच्या प्रभागात गेलीया. तिथं उद्या हायमास्टचं उद्घाटन हाय. आबांनी फोन खिशात टाकला, आजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले,

“झालं काम, आजी. शिडी मंजूर हाय. फकस्त यायची बाकी हाय.”